चिनी वनौषधी : आधी मुळी कोणती ते विचारा

महोदय,

‘वनस्पतिजन्य, म्हणून निर्धोक’ असे चिनी पारंपरिक औषधांबद्दल वारंवार छापून येते. खुद्द चिनी वैद्यकाला हे मान्य नाही. विषारी द्रव्ये कोणती, ती शुद्ध कशी करायची, कशाबरोबर काय द्यायचे नाही, याची त्या शास्त्रात काटेकोर शिस्त आहे. ती गाळून नुसती गोळी विकली जाते, तिथे अपघात होतात.

‘फू-त्झ’ घ्या. ही बचनागाच्या कुळातील एका वनस्पतीची मुळी. तिच्यातले अ‍ॅकोनिटीन हृदयाचा ताल बिघडवते. म्हणून मुळी आधी प्रक्रियेतून काढतात, चिनी औषधकोशात तिची दिवसाची मात्रा 3 ते 15 ग्रॅम एवढीच आहे, आणि काढ्यातली बाकीची द्रव्ये घालण्याआधी ती एकटीच उकळत ठेवायची असते. अर्धा ते एक तास, मात्रा मोठी असेल तर त्याहून जास्त. त्या उकळीत अ‍ॅकोनिटीन मोडून कितीतरी सौम्य संयुगे तयार होतात. घाईत उतरवलेला काढा किंवा कच्च्या मुळीची पूड म्हणूनच घातक ठरते. आधी ओठांना आणि जिभेला मुंग्या येतात, मग उलट्या, मग ठोके चुकू लागतात. यावर नेमका उतारा नाही, तेव्हा मुंग्या आल्या की लगेच रुग्णालय गाठावे.

उलट, मलेरियावरच्या ‘छिंगहाओ’ या वनस्पतीला उष्णता मानवत नाही. चिनी संशोधक तू योयो यांनी चौथ्या शतकातल्या ग्रंथातली सूचना वाचली: पाला पाण्यात भिजवून पिळा. उकळण्याचा उल्लेखच तिथे नव्हता. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. 2015 चे नोबेल त्याचेच. मात्र रुग्णाला दिले जाते ते मोजून-मापून तपासलेले औषध. घरी केलेला पाल्याचा चहा त्याची जागा घेऊ शकत नाही.

सर्वात मोठी हानी नावाच्या घोळाने झाली. ब्रुसेल्समध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या गोळ्यांत ‘फांग-जी’ म्हणून स्टेफानिया टेट्रांड्राऐवजी अरिस्टोलोकिया फांगची गेली. चिनी नावे जवळजवळ सारखी, वनस्पती मात्र वेगळ्या. शंभराहून अधिक जणांची, बहुतेक स्त्रियांची, मूत्रपिंडे खराब झाली. गोळ्या थांबवल्यावरही बिघाड वाढतच गेला आणि पुढे अनेकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. कारण अरिस्टोलोकियातले अरिस्टोलोकिक आम्ल पेशींतल्या डीएनएला चिकटून बसते. त्या गोळ्यांत सोबत आधुनिक औषधेही मिसळलेली होती, म्हणजे परंपरा कसली! चीनने याच कुळातल्या ‘ग्वान मूतोंग’ची मान्यता 2003 मध्ये काढून घेतली.

तेव्हा वेष्टनावर वनस्पतीचे लॅटिन नाव, वापरलेला भाग, मात्रा आणि बॅच क्रमांक नसेल तर ते औषध घेऊ नये. ‘गुप्त सूत्र’ असेल तर मुळीच नको. आणि एखादी ‘वनौषधी’ गोळी सांधेदुखीला तासाभरात उतार देत असेल तर आनंदण्याआधी शंका घ्यावी. अशा गोळ्यांत छुपे स्टेरॉइड किंवा वेदनाशामक वारंवार सापडलेले आहे. प्रोस्टेट कर्करोगासाठी विकले जाणारे ‘पीसी-स्पेस’ 2002 मध्ये बाजारातून काढावे लागले, कारण त्यात रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसह कारखान्यातली औषधे निघाली.

भेसळ नसली तरी औषधे एकमेकांत अडकतातच. ‘दानशेन’ आणि ‘दांगग्वेई’ या चिनी मुळ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतात. ज्येष्ठमध असंख्य चिनी योगांत असतो. तो जास्त दिवस पोटात गेला तर पोटॅशियम उतरते, रक्तदाब चढतो, आणि हृदयविकारावरचे डिगॉक्सिन किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर हृदयावर बेतते. केसांसाठी खपणाऱ्या ‘हे-शोउ-वू’ या मुळीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले की ते बंद करून यकृताची तपासणी करावी.

अ‍ॅक्युपंक्चर त्या मानाने सुरक्षित आहे, पण सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची आणि समोर पाकीट फोडून काढलेली असावी. छाती किंवा खांद्यावरची सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकते. धाप काही तासांनी लागली तरी उपचाराचा संबंध डॉक्टरांना सांगावा.

शस्त्रक्रिया ठरली असेल तर चालू असलेली प्रत्येक पुडी भूलतज्ज्ञांना आधीच दाखवावी. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊच नयेत. आणि त्रास झालाच, तर उरलेल्या गोळ्या न टाकता वेष्टनासह रुग्णालयात न्याव्यात. आत नेमके काय होते, हे तपासायला बहुतेकदा तेवढेच हाताशी असते.

आपला,
एक वाचक