पंपावर नुसतं "पेट्रोल" लिहू नका, त्यात इथेनॉल किती तेही लिहा की साहेब

मा. केंद्रीय पेट्रोलियम मंत्री, नवी दिल्ली यांस,

साहेब नमस्कार. आधीच सांगून टाकतो, मी इथेनॉलच्या विरोधात नाही. असणार तरी कसा, खानापूर तालुक्यात दोन एकर ऊस आहे माझा, आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, अथणी, रायबाग, गोकाक कुठंही जावा, कारखान्याची चिमणी दिसल्याशिवाय राहत नाही. म्हणजे आमच्याच शेतातला ऊस मळीतून आणि रसातून फिरून परत आमच्याच टाकीत येतोय, यात वाईट वाटण्यासारखं काय. माझं भांडण वेगळं आहे.

माझी गाडी २०११ ची, १०० सीसी, कार्ब्युरेटरवाली. खानापूर-बेळगाव रोज जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर. मागच्या जुलैत आई आजारी होती म्हणून तीन आठवडे गाडी पडवीतच उभी, आणि आमचा जुलै म्हणजे काय ते इकडं येऊन बघा एकदा, भिंतीला ओल, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. नंतर किक मारून मारून पाय दुखला तरी गाडी काय चालू होईना. ढकलत मिस्त्रीकडं नेली. त्यानं कार्ब्युरेटरची खालची वाटी काढून माझ्यासमोर धरली, वर पेट्रोल आणि तळाला एक वेगळाच थर, वाटी हलवली की बुडबुड्यासारखा इकडून तिकडं सरकत होता. "पाणी हाय काका. हे नवीन पेट्रोल हवेतली ओल ओढतंय." मग कॉकजवळची रबरी नळी नखानं दाबून दाखवली, खूण उठेच ना, फुगून मऊ पडलेली. जेट साफ केलं, नळी बदलली, ४८० रुपये. आता टाकीचं झाकणही जुनंच आहे, वरून पावसाचं पाणी गेलं नसेल असं मी छातीठोक सांगणार नाही, सगळं इथेनॉलवर ढकलायचं नाही मला. पण मिस्त्रीचं वाक्य डोक्यात बसलं, "पावसात टाकी फुल तरी ठेवा नाहीतर रिकामी तरी करा."

मग पंपावर विचारलं, यात इथेनॉल किती. पोरगा कानडीत म्हणाला "गोत्तिल्ला री," म्हणजे माहीत नाही. त्याचा काय दोष, मशीनवर दर आहे, लिटर आहे, पैसे आहेत, इथेनॉलचा आकडाच नाही. वीस टक्के आहे हे मला पेपरात वाचून कळलं.

साहेब, ई-२० म्हणजे हे वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल सुरू झालं २०२३ च्या फेब्रुवारीत आणि तेही आमच्याच राज्यात, बेंगळुरात. २० टक्क्यांचं टार्गेट आधी २०३० चं होतं, ते अलीकडं ओढून २०२५ मध्ये गाठलं पण. इतकी घाई जमली तर एक बोर्ड लावायला काय अडचण होती? ई-२० ला चालतील अशा गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून यायला लागल्या, म्हणजे त्याच्या आधीच्या गाड्या घेऊन फिरणारे आम्ही सगळे न विचारता यात आलो.

ॲव्हरेजचं म्हणाल तर नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टातच लिहिलंय की जुन्या दुचाकीला ३-४ टक्के आणि जुन्या चारचाकीला ६-७ टक्के फटका बसेल, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद एक तृतीयांश कमी असते म्हणून. त्याच रिपोर्टात हेही होतं की असं पेट्रोल स्वस्त पाहिजे आणि जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवा. यातलं टार्गेट तेवढं उचललं आणि बाकीचं राहिलं. तुमच्या खात्यानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर दिलं की आता इथेनॉलच लिटरला सरासरी ७१ रुपये ३२ पैशांनी पडतंय, पेट्रोलपेक्षा महाग, म्हणून स्वस्त करता येत नाही. बरं, मान्य. परकीय चलन १ लाख ४४ हजार कोटींचं वाचलं हेही तुमच्याच खात्याचं म्हणणं. मग त्यातलं थोडं पंपावरच्या गिऱ्हाईकाला का नको? आणि जुन्या गाडीचे रबर, गॅस्केट २०-३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च किरकोळ आहे, असंही तुम्ही म्हणालात. दिल्लीत किरकोळ असेल, आमच्याकडं ४८० रुपये म्हणजे एका माणसाची शेतातली हजेरी.

आणि ब्राझीलचं उदाहरण सारखं देता ना, तिथं पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वेगळं आणि नुसतं इथेनॉल वेगळं, दोन्हीचे दर लावलेले असतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या दराच्या ७० टक्क्यांच्या खाली असला तरच ते भरायचं, असा तिथला माणूस उभ्या उभ्या हिशोब करतो. आम्हाला हिशोब येत नाही असं थोडंच आहे, ऊस वजनकाट्यावर घालणारी माणसं आम्ही. इथं बिनइथेनॉलचं म्हणावं तर ते इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं भारी पेट्रोल एक्सपी-१००, २०२० ला आलं तेव्हाच दिल्लीत १६० रुपये लिटर. ते काय माझ्या शंभर सीसीच्या गाडीत घालू?

माझं मागणं मोठं नाही. तालुक्याला निदान एका पंपावर ई-१० चा एक नोझल ठेवा, जुन्या गाड्यांना. दर थोडा जास्त लावला तरी घेऊ, पण घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवू. आणि प्रत्येक नोझलवर टक्के लिहा. बोर्ड कुठल्या भाषेत यावरून आमच्याकडं १९५६ पासून वाद चालू आहे, त्यात तुम्ही पडूच नका, नुसता २० चा आकडा मोठा करून लिहिला तरी कळतं सगळ्यांना.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक ऊसवाला

ता.क. जूनच्या आत झालं तर बरं होईल, पुढच्या पावसाळ्यातही गाडी पडवीतच लावायची आहे.