पदवीच्या फाइलमध्ये आणखी एक कागद

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हा विषय काढला असता तर तुझ्या "हो आई, भरतो" एवढ्यावर तो संपला असता, म्हणून लिहिते आहे.

मंगळवारी दुपारी मी काउंटरवर असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "ओंकार तुमचे कोण?" माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, अपघात झाला तुला. मग ती म्हणाली, मोबाइलचे दोन हप्ते थकलेत, ४,८६० रुपये, आणि अर्जात संदर्भ म्हणून माझा नंबर दिला आहे. बावीस वर्षं मी पतसंस्थेच्या वसुली विभागात थकबाकीदारांना असेच फोन करत आले. ती पुढे काय विचारणार हे मला आधीच कळत होतं.

मी रागावलेले नाही. पण तू बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो आहेस आणि हे दोन हप्ते त्या नोकरीच्या आड येऊ शकतात, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. क्लासमध्ये रीझनिंग शिकवतात, जाहिरातीची शेवटची पानं कुणी वाचून दाखवत नाही.

ती वाच. सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अलीकडच्या जाहिरातींत स्पष्ट म्हटलंय की, रुजू होताना उमेदवाराची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्जफेडीची नोंद, चांगली असली पाहिजे. त्या नोंदीवरून मिळणारा किमान स्कोअर किती, ते ती ती बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरवते. या नोंदींच्या अहवालात एखादं खातं खराब दिसत असेल तर रुजू होण्याआधी नोंद दुरुस्त करून घ्यायची, नाहीतर कर्ज देणाऱ्याकडून बाकी नसल्याचा नाहरकत दाखला आणायचा. म्हणजे इथे सावरायला थोडी जागा तरी आहे. स्टेट बँकेची अट काही वर्षांपूर्वी याहून कडक होती. कर्जाची किंवा कार्डाची परतफेड चुकवल्याची नोंद असेल, तर तो उमेदवार नियुक्तीला पात्रच नसे.

त्या अटीवरून आलेल्या एका प्रकरणाचा निकाल २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं दिला. उमेदवार स्टेट बँकेच्या अधिकारीपदाच्या परीक्षेत पास झाला, मुलाखत झाली, नेमणुकीचं पत्रसुद्धा हातात आलं. नंतर सिबिल या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा अहवाल पाहून बँकेनं ते रद्द केलं. आपण सगळी कर्जं फेडली आहेत, आज काही बाकी नाही, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयानं बँकेचा निर्णय कायम ठेवला. कारण अट फक्त आजच्या बाकीची नव्हती, आधी हप्ते चुकवल्याच्या नोंदीचीही होती. शिवाय लोकांचा पैसा हाताळणाऱ्याकडे आर्थिक शिस्त हवी, असंही न्यायालयानं म्हटलं. तो निकाल वाचून मला त्या मुलाचं फार वाईट वाटलं. आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर हप्ता चुकलेला माणूस आणि ऐपत असून टाळणारा माणूस, अहवालात दोघांची नोंद सारखीच दिसते. हे मला पटत नाही. तरी बँकेची बाजूही कळते. ज्यानं इतरांचं कर्ज मंजूर करायचंय, ज्याच्या हाती रोकड द्यायची आहे, तो स्वतःच वसुलीवाल्यांचे फोन चुकवत असेल तर त्याच्यावर कसला दबाव येईल सांगता येत नाही. आमच्याकडे कर्ज देताना अजूनही "माणसाची पत काय?" असंच विचारतात. आता ती पत कागदावर आली आहे, एवढंच.

सगळे 'सिबिल' म्हणतात, पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, तेव्हा ती भीती ठेवू नकोस. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, पण तू आधी आकडा बघू नकोस, खातेवार तक्ता बघ. दर महिन्याचा एक चौकोन असतो. ००० म्हणजे उशीर नाही, ०३० म्हणजे तीस दिवस थकलं. गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन ओळीनं दिसतात. सगळी शून्यं असली की एक ०६२ लांबूनही नजरेत भरतो. मी गेल्या महिन्यात माझा काढला, तर सात वर्षांपूर्वी पूर्ण फेडलेलं एक कर्ज एका बँकेनं अजून चालूच दाखवलं होतं. तक्रार नोंदवली, पावत्या जोडल्या, दुरुस्त झालं. अशा तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागायला हवा, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. ती मुलगी मला म्हणाली, "तीन हजार भरा, सेटलमेंट करून टाकू." तुलाही विचारतील. हो म्हणू नकोस. कमी पैसे घेऊन खातं मिटवलं की अहवालात 'सेटल्ड' असं येतं. त्याचा अर्थ यानं पूर्ण फेडलं नाही, असा होतो. आमच्याकडे असे लोक दोन-तीन वर्षांनी घरकर्जाला येतात आणि "मी तर मिटवलं होतं" म्हणून रडकुंडीला येतात. पूर्ण रक्कम दंडासकट भर आणि खातं 'क्लोज्ड' झाल्याचं लेखी घे. आता कर्ज देणाऱ्यांना या कंपन्यांकडे पूर्वीपेक्षा लवकर लवकर माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका वेळ लागणार नाही. जुने दोन चौकोन मात्र लगेच पुसले जाणार नाहीत. त्यांच्यापुढे शून्यं जमवत जाणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी आजपासून जितके महिने मिळतील तितके बरे.

शैक्षणिक कर्जाचंही लक्षात ठेव. कोर्स संपल्यावरची सवलत डिसेंबरात संपते, जानेवारीपासून हप्ता सुरू. त्यावर सहकर्जदार मी आहे, तू चुकलास तर माझ्याही अहवालात उमटेल. पैशांची ओढाताण होणार असेल तर हप्त्याच्या तारखेआधी मला सांग, नंतर नको. मोबाइलचे दोन हप्ते तू मला का सांगितले नाहीस, हे मी विचारणार नाही. बाबा गेल्यापासून तू घरच्या खर्चाचं काही बोलतच नाहीस, ते मला दिसतं.

आज तुझ्या खात्यात ५,५०० पाठवते. दंड धरून पुरतील. उरले तर परत करू नकोस, पण पावती जपून ठेव. रविवारी येशील तेव्हा पॅन कार्ड आणि अहवालाची प्रिंट घेऊन ये, दोघं मिळून ओळ न् ओळ वाचू. नाहरकत दाखला आला की पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाइलमध्येच लाव, मार्कशीटच्या मागे.

तुझी,
आई