आई, हे पत्र खरं तुला आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, आईचा चष्मा सापडेपर्यंत हे तुम्हीच तिला वाचून दाखवाल, म्हणून नाव दोघांचं.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या वॉर्डात फ्लूचे पेशंट सारखे येत होते. पासष्टी उलटलेली, डायबेटिस, हार्ट, किडनी असं काही फाइलवर दिसलं की आम्ही त्या खाटेकडे जास्त फेऱ्या मारतो. एका आजींच्या फाइलवर मात्र ‘पूर्वीचे आजार : नाहीत’. आणि ऑक्सिजन ८४! मुलगा म्हणाला, तंबाखूलासुद्धा कधी हात लावला नाही हो. मी सहज विचारलं, “आजी, पाणी कशावर तापवता?” मास्क बाजूला करून म्हणाल्या, “बंबावर की.”

तूच दिसलीस मला. पहाटे पाचला बंबात चिपाडं कोंबणारी, फुंकता फुंकता खोकणारी. आधी चूल, मग बंब. चाळीस वर्षं धूर. असा धूर खाल्लेल्या बायकांना सिगरेट न ओढताही सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या आकसत जाऊन दम लागण्याचा जुनाट आजार, होतो. त्यात फ्लू झाला की फुप्फुसांना झेपत नाही. तुला तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. पण नळीत फुंकायची ती तपासणी तुझी एकदाही झालेली नाही. बाबांच्या फाइली तीन, तुझी एकही नाही.

बाबा, तुम्ही सुटला नाहीत. फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट दिसला, असा २०१८ चा कॅनडातला अभ्यास आहे. तुम्हाला स्टेंट आहे. तेव्हा मेडिकलमधून गोळी आणून ‘दोन दिवस बघू’ हे बंद. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. तुमचे ते दोन दिवस म्हणजे नेमके तेच. म्हातारपणी ताप फार चढतोच असंही नाही. आई जेवेना, असंबद्ध बोलायला लागली, तरी डॉक्टरांकडे न्या. ताप उतरून पुन्हा आला तर लगेच.

लस पावसाच्या आधी, म्हणजे याच महिन्यात, दोघांनी घ्यायची. दरवर्षी घ्यावी लागते, मागच्या वर्षीची चालत नाही. वहिनीलाही सातवा आहे, तिच्या डॉक्टरीणबाईंना विचारून तिलाही.

शनिवारी गीझर बसवायला माणूस येईल. पैसे दिलेत, परत पाठवू नकोस. बंब मोडीत काढू नका, मला हवाय.

तुमची,
बेबी