मुंबई-नागपूर दीड तास, पण कोणासाठी?

मा. संपादक,

मुंबई-नागपूर विमानाने दीड तास, हे वाक्य पेपरात इतक्या वेळा छापून येतं की मुंबईत बसलेल्या साहेबांनाही आता नागपूर म्हणजे शेजारचंच गाव वाटायला लागलंय, म्हणून लिहितोय.

आकडा चुकीचा नाहीये. सरळ रेषेत अंतर साधारण 680 किमी, म्हणजे समृद्धीच्या 701 किमीपेक्षा फार कमीही नाही, विमान हवेत असतं जेमतेम सव्वा तास. वेळापत्रकात जास्त दिसतं कारण कंपन्या विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे उभं राहीपर्यंतचा वेळ धरतात, आणि मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, मग गर्दी असली की विमान वरच घिरट्या घालत बसतं.

पण माणूस काही धावपट्टीवर राहत नाही ना! वडिलांना तपासणीला मुंबईला नेतो तेव्हा पहाटेच्या अंधारात घर सोडतो. काउंटर तासभर आधी बंद होतो, व्हीलचेअर लागते म्हणून त्याच्याही आधी पोचायचं, उतरल्यावर सगळी माणसं गेली की मग व्हीलचेअर येणार, मग बेल्टवर बॅगेची वाट, मग टॅक्सी. दीड तासाचे सहज सहा तास होतात. मेट्रो 3 विमानतळापासून कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून दक्षिण मुंबई गाठायला किती वेळ लागेल ते तरी आधी सांगता येतं, हे मात्र मनापासून चांगलं झालं.

आणि मी तर नागपुरातच राहतो. गडचिरोलीच्या माणसाला सोनेगाव विमानतळ गाठायलाच चार तास लागतात, भामरागडवाल्याचं तर विचारूच नका, आणि मंत्रालयातली सुनावणी लागते सकाळी 11 ला! त्याला आदल्या दिवशी निघावं लागतं, मुक्काम करावा लागतो, लॉजचं भाडं वेगळं. 1949 पासून बरीच वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची आणि टपाल अदलाबदल करून परत जायची, कारण नागपूर सगळ्यांना मध्ये पडायचं. पत्रांसाठी जो विचार झाला तो माणसांसाठी पण व्हायला पाहिजे.

म्हणून दोन विनंत्या आहेत. तुम्ही बातमीत विमानाचा वेळ देता तेव्हा घरापासून मुक्कामापर्यंत किती लागतात तेही द्या, नागपूरसोबत चंद्रपूर आणि गडचिरोलीचंही. आणि सरकारने विदर्भातल्या लोकांच्या सुनावण्या दुपारी 2 नंतर लावाव्यात, नाहीतर सरळ ऑनलाइन घ्याव्यात.

आपला,
एक वाचक, नागपूर