टेकडीवर पाणी नेणाऱ्यांचे आभार

पुण्याच्या वेताळ टेकडीवर उन्हाळ्यात रोपं जगवणाऱ्या मंडळींचे मनापासून आभार. नावं माहीत नाहीत, चेहरे मात्र ओळखीचे झालेत.

एप्रिलमध्ये मुरूम तापतो, गवत वाळून पिवळं पडतं आणि पावसाळ्यात लावलेली रोपं माना टाकतात. तेव्हा तुम्ही सकाळी उजाडता उजाडता तेलाचा जुना पाच लिटरचा कॅन भरून चढ चढता. पाणी भसकन ओतत नाही. आधी आळं नीट करता, धार बारीक सोडता, वर पाचोळ्याची जाड गादी घालता. ओल टिकते ती त्या पाचोळ्यामुळे. तो जाळून टाकणाऱ्यांना एकदा दाखवायला हवं! गिरिपुष्प या बाहेरून आणलेल्या झाडाच्या गर्दीत बहावा, पळस, काटेसावर या देशी झाडांना जागा करून देण्याची तुमची चिकाटी मला विशेष भावते. फोटोपुरतं झाड लावणारे जुलैत पुष्कळ भेटतात, मे महिन्यात कोण येतं?

ज्यांनी वणव्याच्या दिवसांत झाडाच्या फांद्यांनी झोडपून आग विझवली, त्यांना तर दंडवतच. आणि हिरवी टोपी घालणाऱ्या काकू, येताना लोकांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या गोळा करून आणता, त्याबद्दल वेगळे आभार. पिशवी जड झाली तर हाक मारा, आम्ही मागेच असतो.