यिर्मयाच्या पत्रातील दहावे वचन

महोदय,

३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीची उपासना संपली की महाराष्ट्रातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) नव्या वर्षासाठी बायबलमधील वचन छापलेले कार्ड हाती दिले जाते. मला आजवर मिळालेल्या कार्डांत यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन सर्वाधिक वेळा आले आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर तिथे म्हणतो. आईच्या शेवटच्या आजारात तिच्या उशाशी हेच कार्ड होते, त्यामुळे या वचनाविषयी मी जे लिहीत आहे ते दुरून पाहणाऱ्याचे बोलणे नाही.

दुसरीकडे, ऑक्टोबर २०२३ नंतर पश्चिम आशियात युद्धाची बातमी आली की ‘शेवट जवळ आला’ असे सांगणाऱ्या चित्रफिती ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागतात. कोविडची लस म्हणजे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील श्वापदाची, म्हणजे देवविरोधी सत्तेची, खूण, असे संदेशही याच वाटेने आले होते. अभिवचनाचे कार्ड आणि अंत्यकाळाची चित्रफीत यांचा वरवर काही संबंध दिसत नसला, तरी दोन्हींमागे वाचण्याची एकच सवय आहे. मूळ मजकूर कोणाला, केव्हा आणि कोणत्या प्रसंगी लिहिला गेला हे न पाहता त्यातील एक ओळ उचलायची आणि ती थेट आपल्या नावावर किंवा आजच्या बातमीवर लावायची.

यिर्मयाचा २९वा अध्याय हे मुळात एक पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमातून ज्यांना बाबेलला नेले, त्या बंदिवानांना ते यिर्मयाने लिहिले आहे. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे ते सांगते. ११व्या वचनाच्या आधीचे १०वे वचन तर स्पष्ट म्हणते की बाबेलची ७० वर्षे भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. म्हणजे ज्या प्रौढ माणसांनी हे पत्र प्रथम ऐकले, त्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. त्यांची हाडे बाबेलच्याच मातीत राहणार होती, आणि हिताचा संकल्प त्यांच्या नातवंडांच्या पदरी पडणार होता. हे वचन खोटे नाही, उलट नोकरी, व्हिसा किंवा घराचे कर्ज वर्षभरात मार्गी लागेल या हमीपेक्षा ते पुष्कळ मोठे आहे. मात्र त्याचा आधार घेणाऱ्याने त्यातील प्रतीक्षाही स्वीकारली पाहिजे.

या पत्राच्या अगोदरच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रे आणि सारे बंदिवान परत येतील, असे तो लोकांसमोर घोषित करतो. यिर्मया त्याला प्रथम ‘आमेन’ म्हणतो, परमेश्वर तसेच करो म्हणतो, कारण लोकांची सुटका त्यालाही हवीच आहे. पण तारीख देणारा हनन्या खोटा ठरतो. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण अंत्यकाळाचे दिवस मोजणारे लोक बहुधा हनन्यासारखेच असतात. ते दुष्ट नसतात, फक्त अधीर असतात.

अमेरिकेतील विल्यम मिलर हा असाच प्रामाणिक शेतकरी होता. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या ८व्या अध्यायातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे, आणि त्यांचा आरंभ इ.स.पूर्व ४५७ मध्ये, असा हिशेब त्याने मांडला, आणि ती संपताच ख्रिस्त परत येईल असे सांगितले. पुढे त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित केला. काहींनी शेतातील पीकही काढले नाही. तो दिवस सरला आणि हजारो माणसे रडत राहिली. १९४८ साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवट जवळ आल्याची खूण म्हणून सांगितलेल्या अंजिराला पालवी फुटली, आणि एक पिढी ४० वर्षांची, असे धरून १९८८ साल ठरवणारेही झाले. अमेरिकेतील रेडिओ प्रवचनकार हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ हा दिवस सांगितला, तो टळल्यावर २१ ऑक्टोबर सांगितला, आणि पुढच्या वर्षी आपली चूक जाहीरपणे कबूल केली. त्या कबुलीबद्दल मला आदर आहे, परंतु त्यांच्या शब्दावर विसंबून ज्यांनी आपली पुंजी जाहिरातफलकांवर घातली, त्यांना ती परत मिळाली नाही. १८४४ च्या त्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी पुढे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी स्थापन केली. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ त्यांचेच आहे. येशूच्या येण्याची वाट पाहणे त्यांनी सोडले नाही, पण शाळा आणि रुग्णालये बांधली.

ख्रिस्ताच्या पुनरागमनावर सर्व ख्रिस्ती परंपरांचा विश्वास आहे, मतभेद आहे तो त्याच्या क्रमाविषयी. प्रकटीकरणाच्या २०व्या अध्यायातील हजार वर्षे संत ऑगस्टीन यांनी ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासूनचा मंडळीचा काळ मानली. मत्तयाच्या २४व्या अध्यायातील बरेचसे वर्णन इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने केलेल्या यरुशलेमाच्या नाशाला लागू पडते, असे अनेक भाष्यकार मानतात. अंत्यकाळी जगावर येणाऱ्या महासंकटापूर्वी मंडळी, म्हणजे विश्वासणारे लोक, गुपचूप स्वर्गात उचलले जातील, ही आज चित्रफितींतून सर्वमान्य म्हणून सांगितली जाणारी मांडणी मात्र १९व्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मशिक्षकाच्या शिकवणीतून पसरली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबल या टीपांसह छापलेल्या आवृत्तीने ती घरोघर नेली. त्या बायबलात शास्त्रवचन आणि त्याखालची टीप एकाच पानावर छापलेली होती, आणि पुष्कळ वाचकांना दोन्हींतील सीमारेषा दिसेनाशी झाली. ही मांडणी मानण्याचा कोणालाही अधिकार आहे, परंतु ती न मानणाऱ्याचा विश्वास कमी लेखण्याचा अधिकार कोणाला नाही. तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही, म्हणजे स्वतः येशूलाही, ठाऊक नाही, असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात प्रभू येशू स्वतः म्हणतात. जे त्यांनी सांगितले नाही, ते एखाद्या वक्त्याला पंचांगाप्रमाणे कसे काढता येईल?

आपल्या दैनिकामार्फत पाळकांना आणि कार्डे छापणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या ३१ डिसेंबरला यिर्मयाचे ११वे वचन अवश्य द्यावे, पण त्याच्या आधी १०वे वचनही छापावे. कार्डावर दोन ओळींची जागा निश्चितच निघेल.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर