डॉक्टर किती हवेत ते रुग्णांच्या तासांवरून ठरवा

माननीय संपादक,

वैद्यकीय प्रवेशाच्या जागा वाढल्याची बातमी आली की तिच्यासोबत एक आकडा हमखास छापला जातो. २०२४ मध्ये तो असा होता: देशात ८३६ लोकांमागे एक डॉक्टर, म्हणजे हजारामागे एक हे उद्दिष्ट पूर्ण. हा आकडा काढण्याची रीत वाचकांपुढे यायला हवी. २०२४ मध्ये देशात सुमारे १३ लाख ८६ हजार अॅलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी होती. त्यातले ८० टक्के उपलब्ध असतील असे धरले, त्यात ५ लाख ६५ हजार आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टर मिळवले आणि लोकसंख्येला त्या बेरजेने भागले. ८० टक्के कोणी मोजलेले नाहीत, ते धरून चाललेले आहेत. वारलेल्या, परदेशी गेलेल्या, व्यवसाय सोडलेल्या डॉक्टरांची नावे नोंदवहीतून वेळेवर निघत नाहीत. महाराष्ट्रात दर पाच वर्षांनी नूतनीकरण असल्याने इथली यादी त्यातल्या त्यात बरी. पण यादी अगदी चोख केली तरी रात्री दोन वाजता सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ मिळेल का, हे या भागाकारातून कळणार नाही.

त्यासाठी हिशेब रुग्णाच्या बाजूने सुरू करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘विस्न’ ही कार्यभारावरून पदसंख्या काढण्याची पद्धत नेमकी याचसाठी आहे आणि ती कोणत्याही जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात कागदावर करता येते. आधी एका माणसाचे वर्षातले हाती येणारे तास काढायचे. ३६५ दिवसांतून ५२ रविवार, साधारण २४ सार्वजनिक सुट्या, ३० अर्जित रजा, ८ किरकोळ रजा आणि ३ दिवस प्रशिक्षण वजा केले की २४८ दिवस उरतात. रोजचे सात तास धरले तर १,७३६ तास.

आता काम मोजू. समजा, एका उपजिल्हा रुग्णालयात वर्षाला ६०० सिझेरियन आणि १,२०० इतर शस्त्रक्रिया होतात. भूलतज्ज्ञाचा वेळ सिझेरियनला दीड तास, इतर शस्त्रक्रियेला दोन तास आणि प्रत्येक रुग्णाच्या पूर्वतपासणीला २० मिनिटे धरला तर ९००, २,४०० आणि ६०० मिळून ३,९०० तास होतात. त्याला १,७३६ ने भागले की सव्वादोन येतात, म्हणजे तीन पदे. पण प्रसूती वेळ पाहून येत नाही. वर्षाचे तास ८,७६०. चोवीस तास एक भूलतज्ज्ञ हजर ठेवायचा तर पाच माणसे लागतात. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, एकच पद असेल आणि ते भरलेलेही असेल, तरी वर्षातले चार-पंचमांश तास भूलतज्ज्ञाविनाच जाणार. अशा ठिकाणाहून बाळंतिणीला पुढे पाठवले की दोष ड्यूटीवरच्या डॉक्टरला लागतो. खरी चूक पदे मंजूर करतानाच झालेली असते.

या पद्धतीत एक खड्डा आहे आणि बरेच हिशेब त्यातच पडतात. मागच्या वर्षी झालेले काम हीच गरज मानली, तर जिथे सर्जनच नव्हता तिथे शस्त्रक्रिया शून्य, म्हणून गरजही शून्य निघते. म्हणून मागास तालुक्यात अपेक्षित काम धरावे. १ लाख २० हजार वस्ती आणि हजारी १५ जन्मदर म्हणजे वर्षाला १,८०० बाळंतपणे. त्यात दहा ते पंधरा टक्के सिझेरियन धरले तर १८० ते २७०. रजिस्टरमध्ये वीसच दिसत असतील, तर बाकीच्या बायका कुठे गेल्या हे आधी शोधायला हवे.

पुढच्या काळासाठी सगळ्या विषयांना एकच गुणक लावून चालणार नाही. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, २०१९-२१ मध्येच १.७ वर आला होता. देशातले साठीपुढचे लोक २०२२ मधल्या सुमारे १४.९ कोटींवरून २०५० पर्यंत ३४.७ कोटींवर जातील असा अंदाज आहे. मधुमेहीच १० कोटींवर आहेत. मूत्रपिंड, हृदय, पक्षाघात आणि वार्धक्यातले आजार यांचा भार प्रसूती विभागापेक्षा कितीतरी वेगाने वाढणार.

आणि डॉक्टर घडायला वेळ लागतो. २०२५ मध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी साडेपाच वर्षांनी, २०३१ मध्ये इंटर्नशिप संपवतो. पुढे एक दिवसही वाया न जाता २०३४ मध्ये एमडी (तज्ज्ञ) आणि २०३७ मध्ये डीएम (अतिविशेषज्ञ) होतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत ७५ हजार जागांची घोषणा झाली. त्या कोणत्या विषयांच्या, कोणत्या भागात, हे त्या भाषणात नव्हते. २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार ग्रामीण समुदाय आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. त्याच देशात पदव्युत्तर जागा रिकाम्या राहतात म्हणून २०२३ मध्ये पात्रता शून्य पर्सेंटाइलवर, म्हणजे प्रवेश परीक्षा दिलेला कोणीही पात्र, इथवर आणावी लागली. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून एक स्वतंत्र मंडळ ठरावीक काळाने प्रत्येक विषयात किती जणांना प्रशिक्षण द्यावे याचा सल्ला देते. निवृत्ती, अर्धवेळ काम, शिक्षण अर्धवट सोडणारे, सगळे त्यात धरलेले असते. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातही, कलम १० मध्ये, आरोग्य मनुष्यबळाची गरज मोजून आराखडा करण्याचे काम आयोगावरच टाकले आहे. तो आराखडा जिल्हा आणि विषयवार काढावा आणि दर तीन वर्षांनी प्रसिद्ध करावा.

महाराष्ट्राने आयोगाची वाट पाहू नये. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात गडचिरोली, वाशीम, हिंगोलीसह दहा शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, जागा ९००. ही पहिली तुकडी २०३० मध्ये बाहेर पडेल, आणि डॉक्टर बहुधा जिथे निवासी म्हणून शिकतो त्याच्याच आसपास स्थिरावतो. तिथे तोवर भूलशास्त्र, मेडिसिन, बालरोग यांच्या पदव्युत्तर जागा हव्यात, त्यासाठी शिक्षक हवेत, तेही वरच्या पदांवरचे, आणि सहायक प्राध्यापकाला सहयोगी प्राध्यापक व्हायला चार वर्षे लागतात. ही पदे कंत्राटावर न ठेवता २०२६ मध्येच कायम भरली तर हिशेब बरोबर जमतो. जाहिरात २०२९ मध्ये निघाली, तर गडचिरोलीत शिकलेली मुले एमडीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली असतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक